एम.एस्सी. झाल्यावर पहिलीच्या वर्गावर जायचंय, तर डी.एल.एड.च करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी २६ वर्षांची, नाशिकला सिडकोत राहते. गणितात एम.एस्सी. झाली आहे आणि ३ वर्षांपासून कॉलेज रोडवरच्या एका क्लासमध्ये नववी-दहावीला शिकवते. तिला पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवायचंय, तेही शक्यतो जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत. (डी.एल.एड. म्हणजे बारावीनंतरची २ वर्षांची प्राथमिक शिक्षण पदविका, पूर्वीचं डी.एड.) ती लिहिते, 'मॅडम, बी.एड. करू की डी.एल.एड.? बारावी झालेल्या मुलींबरोबर पुन्हा २ वर्षं बाकावर बसायचं म्हणजे एम.एस्सी. पाण्यात घालणं, असं घरचे म्हणतात. आणि एवढं गणित शिकल्यावर पहिलीचं गणित शिकवायला वेगळं प्रशिक्षण लागतंच का?'

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ते पटलं नाही तर बाकीच्याला फारसा अर्थ उरत नाही. मी ९ वर्षं बागलाण आणि पेठ तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांवर होते. पुढे १८ वर्षं अध्यापक विद्यालयात गणित अध्यापन पद्धती शिकवली. त्या १८ वर्षांत माझ्या हाताखालून पदवीधर मुलंमुली बऱ्याच गेल्या. त्यांतली एक बी.एस्सी. झालेली मुलगी पंचवटीतल्या एका शाळेत दुसरीच्या वर्गावर पाठ घेत होती आणि मी मागे बसून निरीक्षण करत होते. तिने मुलांना संख्या सांगितल्या आणि पाटीवर लिहायला लावल्या : एकवीस, छत्तीस, एकोणतीस. एका मुलाने लिहिलं : १२, ६३, ३९. तिने तिन्हींवर फुली मारली, बरोबर उत्तरं फळ्यावर लिहिली, 'नीट लक्ष दे' म्हणाली आणि पुढे सरकली.

पाठ संपल्यावर मी त्या मुलाजवळ जाऊन बसले. 'एकवीस कसं लिहिलंस, मला सांग बरं.' तो म्हणाला, 'आधी एक म्हणतात, मग वीस म्हणतात. म्हणून आधी एक.' 'आणि हे एकोणतीस?' त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. 'एकोण आलं की शेवटी नऊ असतो. आणि तीसचा तीन.'

आता तुम्हीच बघा. मुलाचं लक्ष अजिबात उडालेलं नव्हतं. त्याने फार बारकाईने ऐकलं होतं. मराठीत एकविसापासून पुढे आपण सुटे आधी बोलतो आणि दशक नंतर, लिहिताना मात्र दशक आधी. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा, म्हणजे नावात तीस आहे आणि अंकात दोन आहे. ही गंमत एकोणनव्वदपर्यंत चालते आणि नव्व्याण्णवला मोडते. त्या मुलाने 'एकोण म्हणजे शेवटी नऊ' हा नियम स्वतःच्या डोक्याने शोधून काढला होता. त्याला फक्त एक पायरी कमी पडली होती. जो मुलगा शाबासकीला पात्र होता, त्याच्या पाटीवर ३ फुल्या पडल्या.

बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये 'वीस एक', 'साठ तीन' अशा वाचनाचा पर्याय आला, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता. तो विषय विधिमंडळापर्यंत गेला. त्या वेळी गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, आणि त्या स्वतः मोठ्या गणितज्ञ. मुलांना संख्यानामांची अडचण येते हे त्यांना ज्या तळमळीने सांगावंसं वाटलं, ती तळमळ मला फार मोलाची वाटते. जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची ही नावं मोठ्यांच्या जिभेला इतकी सवयीची झालेली असतात की त्यात काही अवघड आहे, हेच आपल्याला दिसत नाही.

एम.एस्सी.ने तुम्हाला गणित दिलं. सहा-सात वर्षांच्या मुलाला ते कुठून दिसतं, हे एम.एस्सी. शिकवत नाही, आणि तिचं ते कामही नाही. हे शिकायला वेगळा वेळ द्यावा लागतो, वेगळी माणसं लागतात आणि मुख्य म्हणजे समोर मुलं लागतात. दहावीच्या मुलाची चूक तुम्ही त्याच्या वहीतल्या पायऱ्यांवरून पकडता. पहिली-दुसरीतल्या मुलाकडे पायऱ्या नसतात, नुसतं उत्तर असतं. त्या उत्तरामागे तो कुठल्या वाटेने गेला, हे त्याच्याकडून काढून घ्यायची एक कला आहे आणि ती शिकवता येते.

आता नियमाकडे वळते. याबाबत नाशिकमध्ये अजूनही खूप गोंधळ आहे.

महाराष्ट्रात प्राथमिक म्हणजे पहिली ते आठवी. त्यातली पहिली ते पाचवी हा एक टप्पा आणि सहावी ते आठवी, म्हणजे उच्च प्राथमिक, हा दुसरा. दोन्हींची पात्रता वेगळी आहे. २८ जून २०१८ ला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने अधिसूचना काढून बी.एड. झालेल्यांनाही पहिली ते पाचवीची दारं उघडली होती. अट अशी होती की नेमणुकीनंतर त्यांनी ६ महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम, म्हणजे ब्रिज कोर्स, करावा. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देवेश शर्मा प्रकरणात ती अधिसूचना अवैध ठरवणारा उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला. न्यायालयाचं म्हणणं असं की, लहान मुलांना शिकवण्याचं कौशल्य बी.एड.मध्ये शिकवलं जात नाही, आणि मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्कात चांगल्या शिक्षणाचाही हक्क येतो. त्यामुळे आज पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही. 'बी.एड. करा, नंतर ब्रिज कोर्स करून प्राथमिकला जा' असं कुणी सांगत असेल तर त्या माणसाचं ऐकू नका. ती सोय त्या निकालाआधी नेमणूक झालेल्यांपुरती आहे.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट यापुढची आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. सहावी ते आठवीच्या पात्रतेत 'पदवी आणि २ वर्षांची प्राथमिक शिक्षण पदविका' हाही एक स्वतंत्र पर्याय आहे. म्हणजे तुमच्या हातात पदवी आहेच. तिच्यावर डी.एल.एड. केलंत तर पहिली ते पाचवी तर मिळतेच, शिवाय शिक्षक पात्रता परीक्षेचा पेपर २ उत्तीर्ण झालात तर सहावी ते आठवीला गणित-विज्ञानाची विषय शिक्षिका म्हणूनही तुम्ही पात्र ठरता. उलट बी.एड. केलंत तर सहावीपासून वर, आणि पदव्युत्तर असल्यामुळे अकरावी-बारावीपर्यंतही जाता येईल, पण पहिली ते पाचवी कायमची सुटेल. ज्या वर्गासाठी तुम्ही हा सगळा विचार करताय, नेमका तोच वर्ग. मोठ्या वर्गांची ओढ असती तर मी तुम्हाला बिनदिक्कत बी.एड. करा म्हटलं असतं. तुमच्या प्रश्नात ती ओढ कुठेही दिसली नाही.

बी.एड.ची पदवी पुढे हवीच असेल तर तिचाही रस्ता आहे. गंगापूर धरणाजवळचं आपलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सेवेत असलेल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी दूरस्थ बी.एड. चालवतं. जिल्हा परिषदेतल्या माझ्या कितीतरी सहकाऱ्यांनी नोकरी सांभाळून ते केलं. एम.एड.चा विचार आत्ता डोक्यात आणू नका. ते शिक्षकांना घडवणाऱ्यांसाठी आहे, पहिलीच्या वर्गासाठी त्याचा उपयोग नाही.

प्रवेशाचं सांगते. डी.एल.एड.चा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो, तुमच्या एम.एस्सी.च्या गुणांवर नाही. बारावीला साधारण ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला सवलत आहे. प्रक्रिया पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद ऑनलाइन राबवते, दहावी-बारावीच्या निकालांनंतर. एके काळी डी.एड.ला प्रवेश मिळणं म्हणजे गावात पेढे वाटायची गोष्ट होती. मग अध्यापक विद्यालयं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. २०११ च्या ऑक्टोबरात पटपडताळणी झाली, म्हणजे पटावरची मुलं शाळेत खरोखर आहेत का हे तपासलं गेलं, त्यानंतर भरती थांबली आणि हजारो मुलंमुली पदविका घेऊन घरी बसली. त्यामुळे कितीतरी विद्यालयं बंद पडली. आज प्रवेश मिळवणं अवघड नाही. चांगलं विद्यालय निवडणं अवघड आहे, आणि तुमचा सगळा अभ्यास तिथेच लागणार आहे.

विद्यालय निवडताना इमारत बघू नका. तिथे जाऊन ३ गोष्टी विचारा. शालेय आंतरवासितेला, म्हणजे इंटर्नशिपला, तुम्ही मुलांना कुठल्या शाळांत पाठवता आणि किती आठवडे? सराव पाठ चालू असताना अध्यापक पूर्ण तास मागे बसतात की फक्त वहीवर सही करतात? आणि दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याची पाठ निरीक्षण वही बघायला मिळेल का? अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे २ वर्षांत मिळून २० आठवडे शाळेत काढायचे असतात, त्यातले बहुतेक दुसऱ्या वर्षी. निरीक्षण वहीत पानापानावर 'पाठ चांगला झाला, आवाज थोडा मोठा हवा' एवढंच लिहिलेलं दिसलं तर तिथून निघा. 'हजेरीचं आम्ही बघतो, तुम्ही परीक्षेला या' असं आडून आडून सुचवणारं कुणी भेटलं तर दुसऱ्या दिवशीही त्या दारात जाऊ नका. क्लासची नोकरी चालू ठेवता येईल म्हणून तुम्हाला तो मोह पडेल, हे मला कळतं. पण ते २० आठवडेच तर खरा कोर्स आहेत. ते वगळले तर हातात उरतो तो फक्त कागद.

माझ्या स्वतःच्या प्रशिक्षणात एक मोठा दोष होता. तो सांगते, म्हणजे तुम्हाला तो ओळखता येईल. आमच्या टाचणवहीचा, म्हणजे पाठाचं नियोजन लिहायच्या वहीचा, समास सरळ आहे का, शीर्षकाला लाल आणि उद्दिष्टाला हिरवी शाई वापरली आहे का, यावर गुण जायचे. पाठ घेताना माझी पाठ मुलांकडे किती वेळ होती, हे कुणी मोजलं नाही. मी टाचण सुंदर काढायला शिकले. वर्गात उत्तर चुकलं की काय करायचं, ते शिकायला पुढची ५ वर्षं लागली आणि त्या ५ वर्षांतल्या मुलांनी त्याची किंमत मोजली. टाचण जरूर काढा. पण त्यात एक रकाना स्वतःहून वाढवा : 'मुलं इथे काय चुकतील आणि का?' माझ्या विद्यार्थिनींना मी तो रकाना सक्तीचा केला होता. पहिल्या महिन्यात तो कोराच यायचा. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी काही जणींचा तोच रकाना सगळ्यांत भरलेला असायचा.

त्या रकान्यात काय लिहायचं, त्याचं एक उदाहरण. तिसरीत हातच्याची वजाबाकी, ५२ वजा २७. वर्गातली निदान ४-५ मुलं ३५ लिहितील. का? त्यांनी प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलं, ५ मधून २ आणि ७ मधून २. '२ मधून ७ जात नाहीत' हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकलेलं असतं की जात नाहीत तर उलटं करायचं, असा अर्थ त्यांनी लावलेला असतो. त्या मुलाला पुन्हा रीत सांगून उपयोग नाही. त्याच्यासमोर काड्यांचे दहा-दहाचे ५ गठ्ठे आणि २ सुट्या काड्या ठेवा आणि म्हणा, 'यातल्या २७ मला दे.' तो २ गठ्ठे देईल. मग ७ सुट्या द्यायला जाईल, आणि हातात दोनच असतील. तो थांबेल. इथे तुम्हीही थांबायचं, एक शब्द बोलायचा नाही. बहुतेक मुलं स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढतात. रबर काढताना जो चेहरा होतो, तो बघायला मिळाला की हातचा शिकवून झाला म्हणायचं. फळ्यावरची रीत त्यानंतर १० मिनिटांत येते.

तुमच्यासारख्या उच्चशिक्षित छात्राध्यापिकांना सगळ्यांत जड जाते ती हीच गप्प बसण्याची गोष्ट. क्लासमध्ये वेळेचा हिशेब असतो, पोर्शन संपवायचा असतो, म्हणून प्रश्न विचारून ३ सेकंदांत स्वतःच उत्तर द्यायची सवय लागते. ती सवय पहिलीच्या वर्गात फार नुकसान करते. दुसरी अडचण अक्षराची. अ कुठून सुरू करायचा, ल ची पाकळी आधी की उभी रेघ आधी, हे फळ्यावर सावकाश काढून दाखवता आलं पाहिजे. लॅपटॉपवर हात बसलेल्या मुलींना ते पुन्हा शिकावं लागतं, त्यात कमीपणा मानू नका. बारावी होऊन आलेल्या मुली यात तुमच्या पुढे असतात. गाणी, कागदकाम, मुलांना गोलात बसवणं, हे त्यांना चटकन जमतं. त्यांच्याकडून मनापासून घ्या आणि गणितात त्यांना मनापासून द्या. माझ्या पाहण्यातल्या सर्वांत चांगल्या जोड्या अशाच जमल्या होत्या.

संख्यावाचनाच्या त्या मुलाचं पुढे काय केलं, ते सांगायचं राहिलं. शाळेत गणितमाळ होती, १०० मण्यांची, दर दहा मण्यांना रंग बदलणारी. त्याला म्हटलं, एकवीस मणी दाखव. त्याने एकेक मोजून दाखवले. मग मी विचारलं, यात पूर्ण रंग किती झाले? दोन. सुटे किती उरले? एक. मग २० चं कार्ड आणि त्यावर शून्याच्या जागी १ चं कार्ड ठेवायला दिलं. त्याने ते ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. मग एकोणतीस. तीस मण्यांशी चिमटा लावला आणि म्हटलं, 'एक उणा कर.' चिमटा एका मण्याने मागे आला, आणि तो म्हणाला, 'अरे, हा तर दोनवाल्या रंगात गेला!' हे त्याचेच शब्द. ती छात्राध्यापिका शेजारी उभी होती. पुढच्या पाठाला तिने लाल पेन आणलाच नाही.

आता भाषेबद्दल. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत आणि शिक्षिका म्हणून तुम्हाला कुठलाही मिळू शकतो. बागलाण, कळवण, मालेगावकडे घराघरांत अहिराणी. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडे कोकणा, वारली, महादेव कोळी मुलं, त्यांची घरची बोली वेगळी. माझ्या पहिल्याच वर्षी बागलाणात पहिलीतली एक मुलगी खडूकडे बोट दाखवून म्हणाली, 'माले दे.' मी हसून म्हटलं, 'माले नाही गं, मला म्हणायचं.' मला वाटलं, किती प्रेमाने सुधारलं. त्यानंतर ती मुलगी जवळजवळ ३ आठवडे माझ्याशी बोलली नाही. शाळेतले दुसरे गुरुजी तिथल्याच भागातले होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, 'बाई, तिची आईपण माले म्हणते. तुम्ही आईला चूक म्हटलंत.' ते वाक्य मी आजतागायत प्रत्येक तुकडीला सांगत आले. त्यानंतर मी फळ्यावर एका बाजूला मुलांचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला पुस्तकातला शब्द लिहायला लागले. पुसायचं काहीच नाही, दोन्ही ठेवायचे. दिवाळीपर्यंत ती मुलगी वर्गात सगळ्यांत जास्त बोलत होती.

पेठला वेगळाच प्रश्न होता. द्राक्षाच्या छाटणीपासून खुड्यापर्यंत माणसं कुटुंबासकट दिंडोरी-निफाडच्या मळ्यांत कामाला जातात आणि मुलं त्यांच्याबरोबर जातात. परत येतात तेव्हा आपला वर्ग पुढे गेलेला असतो. अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, जातील तिथल्या शाळेत त्यांना बसता यावं म्हणून. पण कार्डाने मूल वाचायला लागत नाही. ते कुठे थांबलं होतं, तिथपासून त्याला धरावं लागतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळच्या कोसबाडला गुरं चारणाऱ्या वारली मुलांमागे कुरणात शाळा नेली, तिला कुरणशाळा म्हणत. आपल्या राज्यात बालशिक्षणाचा हा वारसा आहे. प्रशिक्षणाच्या काळात एकदा तरी कोसबाड पाहून या, नाशिकहून एका दिवसात जाऊन येता येतं.

आणखी एक गोष्ट क्लासमध्ये कधीच भेटत नाही, ती म्हणजे बहुवर्ग अध्यापन. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत ६० पटापर्यंत २ शिक्षक. म्हणजे छोट्या शाळेत एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी, आणि तालुक्याची मीटिंग निघाली की चारही वर्ग एकाकडे. पहिलीला वाचन घेताना दुसरी काय करते, याची तयारी आदल्या संध्याकाळी झालेली असावी लागते. आंतरवासितेची जागा मागताना शहरातली मोठी शाळा एक आणि गावाकडची द्विशिक्षकी शाळा एक, असं आवर्जून मागून घ्या. शहरातच सगळे आठवडे काढलेल्या माझ्या काही विद्यार्थिनी पहिल्या नेमणुकीत अक्षरशः रडल्या.

नोकरीचं आणि पैशाचं जे खरं आहे ते स्पष्ट लिहिते, घरच्यांनाही वाचून दाखवा. डी.एल.एड. झाल्यावर शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हावी लागते. पहिली ते पाचवीसाठी पेपर १ : १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. ९० गुण मिळाले की उत्तीर्ण, राखीव प्रवर्गाला ५५ टक्के. उणे गुण नाहीत आणि एकदा उत्तीर्ण झालात की प्रमाणपत्र कायमचं. तुमचे गणिताचे ३० गुण घरचेच आहेत. बालमानसशास्त्राचे ३० पाठांतराने मिळत नाहीत, मुलं पाहिलेल्याला मिळतात. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तर सेवेतल्या जुन्या शिक्षकांनाही, निवृत्तीला ५ वर्षांपेक्षा जास्त काळ असेल तर, २ वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणं भाग पडलं आहे. म्हणून तिच्यातून सुटका नाही असंच धरून चाला.

त्यानंतर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. २०० गुण, २ तास, त्यातले १२० गुण अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलमधून, म्हणजे शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावरून, निवड होते. ही चाचणी २०१७ ला झाली, मग थेट २०२३ ला, मग २०२५ ला. हे अंतर नीट बघा. कोर्स संपला की नोकरी, असं गणित मांडू नका. आणि निवड झाल्यावर पहिली ३ वर्षं शिक्षण सेवक म्हणून महिना १६,००० रुपये मानधन. आधी ते ६,००० होतं, २०२३ पासून वाढलं. मग नियमित वेतनश्रेणी. प्राधान्यक्रम तुम्ही भरता, पण जिल्हा कुठला लागेल याची खात्री नाही, आणि आंतरजिल्हा बदलीला पुढे वर्षं जातात. तेव्हा क्लासमधला सध्याचा पगार आणि ही ५-६ वर्षं, असा हिशेब घरात एकदा कागदावर मांडा. मी तुम्हाला यातलं काही लपवून पुढे ढकलणार नाही. निवडणुकीची आणि जनगणनेची कामंही वाट्याला येतील, हेही धरा.

घरचे म्हणतात की एम.एस्सी. पाण्यात जाईल. मला ते पटत नाही, पण त्यांची काळजी मला खोटीही वाटत नाही. मुलगी शिकली की तिने वर जावं, असं आईवडिलांना वाटतं, आणि आपल्याकडे 'वर' म्हणजे मोठ्या मुलांना शिकवणं असं मानलं गेलंय. केंद्र सरकारच्या निपुण भारत मोहिमेत तिसरी संपेपर्यंत मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या त्याला याव्यात, असं उद्दिष्ट ठेवलं आहे. तुमच्या क्लासमध्ये दहावीत भागाकाराला अडखळणारी मुलं येतात ना? त्यांच्याशी एकदा निवांत बोला. त्यांचं गणित सुटलेलं तुम्हाला नववीत सापडणार नाही, तिसरी-चौथीत सापडेल. गणित मनापासून आवडणारी एक बाई त्या वर्षी त्यांना मिळाली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न घरच्यांपुढे ठेवून बघा.

अर्ज भरण्याआधी माझं एक काम करा. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. घराजवळच्या महापालिकेच्या किंवा एखाद्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटा, एम.एस्सी. झालंय आणि प्राथमिकला यायचंय असं सरळ सांगा आणि पहिलीच्या वर्गात मागे बसायची परवानगी मागा. क्लासला सुट्टी टाकून सलग ५ दिवस जा. शिकवू नका. वही घ्या आणि तीनच मुलं निवडा : एक सारखं बोलणारं, एक अजिबात न बोलणारं आणि एक रडणारं. ती तिघं सकाळपासून सुट्टीपर्यंत काय करतात, कुणाकडे बघतात, कधी हसतात, बाईंनी काय केल्यावर गप्प झालेलं मूल पहिल्यांदा बोललं, एवढंच लिहा. पाचव्या दिवशी ती वही वाचा. त्या तिघांचं पुढे काय झालं हे जाणून घ्यायला सहाव्या दिवशीही जावंसं वाटलं, तर डी.एल.एड.चा अर्ज भरा. वाटलं नाही, तर बी.एड. करून मोठ्या वर्गांना गणित शिकवा, तिथेही चांगल्या शिक्षिकेची तेवढीच गरज आहे. वही भरली की मला कळवा, मला ती वाचायला आवडेल.